न लावलेला कापूर

१

महालिंगअप्पांच्या तळहातावरचा देव सोमवारी सकाळी नाहीसा झाला, आणि त्याच दुपारच्या एसटीने त्यांची धाकटी सून अनुपमा माहेरी, पालमला रवाना झाली. देव कुणी नेला हे कुणीच पाहिलं नव्हतं. सून गेली ती मात्र अर्ध्या मानवतने पाहिली, आणि उरलेल्या अर्ध्याला ते संध्याकाळपर्यंत कळलं.

हे मला सांगत होता राजशेखर, म्हणजे त्या सुनेचा नवरा आणि अप्पांचा धाकटा मुलगा. माझा जुना विद्यार्थी. मी निवृत्त होऊन परभणीत पेपर वाचत बसलो तरी घोटाळा झाला की हा माझ्याच ओट्यावर येऊन बसतो. मी काही पोलीस नाही. पण मराठीचा मास्तर म्हणजे सगळ्या जगाचा सल्लागार असा आमच्याकडे एक समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढला नाही.

लिंगायत घरांत लेकरू जन्मलं की त्याच्या नावाचं इष्टलिंग येतं. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, नजर त्याच्यावर खिळवायची, पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. अप्पांचं वय सत्तरीच्या पुढं, आणि एवढ्या वर्षांत ही पूजा एकदाही चुकली नव्हती.

"अप्पा त्या दिवसापासून जेवले न्हाईत, सर. आज तिसरा दिवस," राजशेखर म्हणाला. "नुसत्या पाण्यावर हायेत. मठाचे स्वामी येऊन म्हणले, प्रायश्चित्त करा, नवं लिंग देतो. अप्पा म्हणायलेत, ज्यानं नेलं त्यानं कबूल करावं आणि माझं मला द्यावं. न्हाईतर मी असाच जातो."

"आणि अनुपमानं नेलं असं ठरलं कसं?"

"त्या वेळी खोलीत तीच गेली होती. दुसरं कोणीच न्हाई."

"तुला काय वाटतं?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तिची पेटी बसमधे मीच चढवून दिली, सर." त्याला जे बोलायचं होतं ते तो स्वतःलाच बोलून चुकला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आत बसून हे सगळं ऐकत होती माझी पुतणी योगिनी. ती मेंदूविकारांची डॉक्टर आहे. परभणीत तिचा दवाखाना आहे आणि दुपारी जेवायला ती माझ्याकडे येते. ती हात पुसत बाहेर आली.

"डबी कुठं आहे?" तिने विचारलं.

"डबी हाय की. तिथंच होती, पूजेच्या कपड्यावर."

"चांदीची?"

"हो."

"चांदी ठेवून दगड नेला," योगिनी म्हणाली. तिने गाडीची किल्ली उचलली. "चला काका. चोराचं नंतर बघू. उपाशी म्हातारा माणूस आहे, आधी तो बघायला हवा."

२

मानवतच्या बाजाराच्या रस्त्यावर पुढं अप्पांची आडत आणि मागं घर. अप्पा धान्याचे जुने व्यापारी. पोत्याच्या वरच्या दाण्यावर त्यांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नाही. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाची मूठ काढायची, एक दाणा दातात धरायचा आणि भाव बोलायचा. मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा स्वयंपाकघरातल्या पोत्यात हात घालून आले, असं बाजारात गमतीने सांगतात.

ते पूजेच्या खोलीतच आडवे झाले होते. खोली लहान. भिंतीशी देव्हारा, त्यासमोर घोंगडीचं आसन, आसनाच्या उजव्या अंगाला तोंड दुमडून ठेवलेलं ज्वारीचं पोतं. घरात खायला येणारी नवी ज्वारी आधी देवाजवळ ठेवायची आणि मग लागेल तशी काढायची, ही त्या घराची रीत. अप्पांचे ओठ कोरडे पडले होते, पण नजर करारी होती. आम्ही शरणार्थ म्हणालो, त्यांनीही हात जोडले.

योगिनीने त्यांना बसतं केलं. हसा म्हणाली, ते हसले नाहीत, नुसते दात दाखवले. तेवढं तिला पुरलं. डोळे मिटून दोन्ही हात पुढं धरायला लावले. बोटाने नाक, नाकावरून तिचं बोट. लहान हातोडीने गुडघ्यावर टिचकी. चार शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले, ते त्यांनी धडाधडा म्हणून दाखवले, वर त्या दिवशीचा तुरीचा भावही सांगितला.

"सगळं नीट आहे," ती मला हळूच म्हणाली. तिचा चेहरा मात्र काही नीट नसल्यासारखा होता.

मग ती त्यांच्याजवळ मांडी घालून बसली. "अप्पा, त्या सकाळचं सांगा."

"काय सांगायचं? लिंग हातावर घेतलं. जप सुरू केला."

"मोठ्यानं?"

"छे. मनातल्या मनात. ओठ हालला की जप बाटला, असं गुरूंनी शिकवलंय. माझा ओठ आजवर हालला न्हाई."

"मग?"

"मग वास आला. कापराचा." त्यांचा आवाज मऊ झाला. "तो आला की मला समजतंय, आता देव बोलवायलाय. पोटातून कायतरी वर आल्यागत होतं. उजेड होतो. आणि मग मी नसतोच."

"किती वेळ?"

"ते मला कसं कळावं, बाई? मी नसतोच की तिथं."

"परत आल्यावर कसं वाटतं?"

"अंग जड होतं. जराक वेळ घरची माणसंसुद्धा ओळखीची वाटंनात. मग हळूहळू सगळं जागेवर येतं. भागम्मा गेली, त्याच्या पुढच्या श्रावणापासून हे सुरू झालं. लोक म्हणले, बायको गेली पण देव आला." त्यांनी डावा तळहात पुढं केला. "त्या दिवशी परत आलो तर हात रिकामा. मूठ उघडतो, झाकतो, काहीच न्हाई."

"अनुपमानं नेलं असं तुम्हाला का वाटतं?"

अप्पांचा आवाज परत खडबडीत झाला. "ती मला फेफऱ्याचा रोगी म्हणली होती. चारचौघांत. माझ्या देवाला रोग म्हणली. जिला देवाचाच राग, तिनं देव नेला. ह्यात इचार करण्यासारखं काय हाय?"

"कधी म्हणाली?"

"पाडव्याला. डॉक्टरला दाखवा म्हणली. तवापासून मी तिच्याशी बोललो न्हाई." अप्पा भिंतीकडे वळून झोपले. "आता तुमी बी डॉक्टर. तुमाला बोलावलं कुणी?"

३

थोरली सून महेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सरळ बाई, खोटं बोलण्यातली नव्हे. पण सरळ माणसाने चूक केली की ती फार पक्की होते, हे मी शाळेत पाहिलेलं आहे.

"मी पूजेच्या खोलीच्या उंबऱ्यातच भाजी निवडत बसले होते," ती म्हणाली. "दार लोटून घेतलेलं. अप्पांची समाधी मोडू नये म्हणून आमी कोणी आत जात न्हाई. अनुपमा फुलं घेऊन गेली आणि लगेच बाहेर आली, पदराला हात पुसत. म्हणली, ताई, मामांना परत आलंय. अप्पांना ती मामा म्हणते. मी म्हणलं, गप बस. त्याच्यानंतर माझ्यासमोरून कोणी गेलं न्हाई. अप्पांनी हाक मारली तवाच दार उघडलं."

"हात का पुसत होती?"

"अप्पांच्या तोंडाची लाळ पुसली म्हणं." महेश्वरीने नाक मुरडलं. "समाधीत कुठं लाळ असते का?"

"तुम्ही त्यांना समाधीत पाहिलंय?"

"लय वेळा. दाराच्या फटीतून. चेहरा असा दगडावाणी शांत. डोळे एका जागी. ओठ मात्र चालू असतात, चप चप चप, जप काही थांबत न्हाई."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. योगिनीने मात्र माझ्याकडे बघितलं. मी उगाच मान हलवली, कळल्यासारखी.

"लिंग शोधलं कुठं कुठं?"

"खोली झाडून काढली. आसन झटकलं. मग तिची पेटी बघितली, तिची गादी उसवली, न्हाणीघर बघितलं."

"म्हणजे चोर जिथं लपवेल तिथं," योगिनी म्हणाली. "आणि ज्वारी? घरातली ज्वारी निवडायचं काम कुणाचं?"

महेश्वरीला हा प्रश्न विचित्र वाटला. "तिचंच. ती गेल्यापासून घरात भाकरी न्हाई. अप्पा उपाशी, तर आमाला तरी काय उतरायलंय? भात टाकतो आणि दोन घास खातो."

तेवढ्यात थोरला मुलगा शिवप्रकाश दुकानातून आत आला. आडत तोच बघतो. खरं सांगायचं तर माझा संशय त्याच्यावर पक्का बसला होता. अप्पांच्या समाधीची बातमी पसरल्यापासून सोमवारी माणसं दर्शनाला यायची, दुकानासमोर चपलांचा ढीग लागायचा, आणि शिवप्रकाशच्या चालण्यात एक वेगळाच डौल आला होता. घरातली एकच बाई ह्या सगळ्याला रोग म्हणत होती. तिच्यावर आळ घालून तिला घालवायचं, मग लिंग कुठंतरी चमत्काराने प्रकट करायचं. माझी गोष्ट तयार होती. फक्त तो बंद दारातून आत कसा गेला, एवढंच जमत नव्हतं.

"अप्पा शिवयोगात हायेत, मॅडम," तो म्हणाला. "तुमाला खरं वाटणार न्हाई, म्हणून दाखवतो." त्याने फोन काढला. मागच्याच महिन्यात त्याने दारातून चित्रीकरण केलं होतं आणि सगळ्या सोयऱ्यांना पाठवलं होतं.

फोनवर अप्पा दिसत होते. डाव्या तळहातावर लिंग, नजर खिळलेली. शिवप्रकाश भक्तीने बघत होता, मीही जरा भारावलो. योगिनी मात्र ते पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघत होती.

"काका, डावा हात बघा."

आधी सैल असलेला डावा हात हळूहळू मनगटाशी वाकडा होऊन लाकडासारखा ताठला होता.

"आता उजवा."

उजवा हात धोतर चिवडत होता. चिमटीत काहीतरी धरल्यासारखा, सोडल्यासारखा. मग तो हात डाव्या तळहाताकडे निघाला, आणि चित्र बंद झालं.

"याच्या पुढचं?" योगिनीने विचारलं.

"पुढचं न्हाई," शिवप्रकाश म्हणाला. "अप्पा हालायला लागले की समाधी सुटायलीय असं समजायचं. ते कशाला दाखवायचं लोकाला? मी तिथंच बंद करतो."

४

राजशेखरचा फोन अनुपमाने उचलला नाही. त्याने दोनदा लावून पाहिला. मग योगिनीने स्वतःच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू करून आमच्या मधे ठेवला. आपण कोण, कुठून बोलतोय, सोबत कोण ऐकतंय, हे तिने आधीच सांगून टाकलं.

"विचारा," अनुपमा म्हणाली. आवाज कोरडा होता.

"पूजेच्या वेळी कापूर तुम्ही लावता का?"

"कापूर? न्हाई मॅडम. कापराच्या धुरानं मामांना खोकला येतो. मागच्या दिवाळीपासून मीच बंद केलाय. घरात कापराची वडीसुद्धा न्हाई."

राजशेखरने चमकून देवघराकडे पाहिलं. मग तो उठला, देव्हाऱ्यातले डबे उघडून आला आणि मान हलवून परत बसला. कापूर नव्हता.

"तुम्ही त्यांना फेफरं येतं म्हणालात. ते का?"

"माझ्या मावसभावाला यायचं. तो खाली पडायचा न्हाई, झटके देत नसायचा. नुसता एकटक बघत बसायचा आणि तोंड चघळल्यागत करायचा. हाक मारली तर ओळख न्हाई. मामांचं अगदी तसंच बघितलं. म्हणून म्हणाले, दाखवून घ्या. माझं चुकलं एवढंच की सगळ्यांसमोर म्हणाले."

"त्या सकाळी काय पाहिलंत?"

"लिंग हातावर होतं. तोंडातून लाळ आली होती, ती पुसली. हाक मारली, ऐकलं न्हाई. बाहेर येऊन ताईंना सांगितलं. बस."

"आता जरा वेगळं विचारते. ज्वारी निवडताना कधी काही सापडायचं?"

"सापडायचं. बेलाचं पान. निरंजनातली वात. एकदा तर विभूतीची गोळी. ताई म्हणाल्या, उंदीर नेत असतील."

"तुम्हाला काय वाटलं?"

"उंदीर वात नेईल. विभूती कशाला नेईल? पण मी बोलले न्हाई. एकदा बोलले होते, तेवढं पुरलं मला."

योगिनीने समाधानाने श्वास सोडला. ती आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात अनुपमा म्हणाली, "मॅडम, मामा जेवले का?"

"नाही."

"मग एक करा. मीच नेलं म्हणून सांगा. घाबरून पूर्णा नदीत टाकून दिलं म्हणा. म्हणजे त्यांना वाट बघायला नको, ते स्वामींकडून नवं घेतील आणि जेवतील." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी नेलेलं न्हाई. पण माझ्या न्हाई म्हणण्यापायी कोणी उपाशी मरावं, एवढं माझं नाव मोठं न्हाई."

राजशेखर उठून अंगणात गेला. त्याला तिथं उभं राहून भिंतीला कपाळ टेकताना मी पाहिलं आणि मान वळवली.

"असलं काही कबूल करू नका," योगिनी म्हणाली. "थोडा वेळ थांबा फक्त."

५

तिने सगळ्यांना पूजेच्या खोलीत बोलावलं. अप्पा भिंतीला टेकून बसले. महेश्वरी आणि शिवप्रकाश दाराशी, राजशेखर त्यांच्या मागं.

"अप्पा," योगिनी म्हणाली, "तुम्ही म्हणता, जपात माझा ओठ हलत नाही. वहिनी म्हणतात, ओठ सारखे हलत असतात. दोघंही खरं बोलता. म्हणजे जो हलतो तो जप नाही. तुम्हाला कापराचा वास येतो. घरात दिवाळीपासून कापूर नाही. म्हणजे तो वास नाकातून आला नाही, मेंदूतून आला. इथून." तिने त्यांच्या उजव्या कानाच्या वर हात ठेवला. "इथं एखादी जागा मधूनच पेटत असावी. ती पेटली की आधी वास, मग पोटातून वर येणं, उजेड, आणि मग तुम्ही नसता. तुमचं शरीर मात्र असतं. डावा हात ताठतो. तोंड चघळत राहतं. आणि उजवा हात मोकळा असतो, त्याला कुणी विचारणारं नसतं."

"मगाशी तपासलं तेव्हा तर सगळं नीट निघालं," मी म्हणालो.

"मांजर दूध पिऊन गेल्यावर घर तपासलं तर मांजर कसं सापडेल, काका? या दुखण्यात रोग्याला विचारून भागत नाही. तो एकटाच त्या वेळी हजर नसतो. शेजारच्यांना विचारावं लागतं. या घरात सगळ्यांनी पाहिलं होतं, सगळ्यांनी मला बरोबर सांगितलं. फक्त ते पूजेच्या वेळी व्हायचं आणि अप्पांची नजर लिंगावर असायची, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. हेच जर बाजारात, भाव बोलताना झालं असतं, तर त्याच दिवशी त्यांना उचलून दवाखान्यात आणलं असतं."

शिवप्रकाश हातातला फोन खिशात घालत होता आणि तो खिशात जात नव्हता.

"वहिनींच्या समोरून अनुपमाशिवाय कुणी आत गेलं नाही, हेही खरं. पण ती बाहेर आल्यावर खोलीत एक माणूस होताच. त्याला कुणी मोजलंच नाही. भान नसताना हात नवं काही करत नाही, अप्पा. जन्मभर जे केलं तेच करतो. तुमच्या उजव्या हाताला काय सवय आहे?"

सगळ्यांच्या नजरा पोत्याकडे गेल्या. शिवप्रकाश पुढं झाला. अप्पांनी त्याला अडवलं. "थांब. माझं लिंग दुसऱ्यानं शिवायचं न्हाई."

ते सरकत पोत्याजवळ आले. बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात ओळखीच्या वाटेने गेला, क्षणभर तळाशी थांबला आणि मूठ घेऊन वर आला. मुठीतून दाणे सांडले. मग मूठ उघडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं वळसा एका निरपराध बाईच्या आयुष्याला पडला होता, त्यामुळे ती म्हण माझ्या तोंडातच राहिली.

अप्पांच्या डोळ्यांत आनंद नव्हता. ते तळहाताकडे बघत होते.

"म्हणजे चोर मी," ते म्हणाले.

"चोर कुणीच नाही," योगिनी म्हणाली.

"मग तिला कशापायी धाडलं?"

महेश्वरी तोंडाला पदर लावून खाली बसली. शिवप्रकाशवर संशय घेतल्याची मला मनातून लाज वाटली. तो लबाड नव्हता, बापाचा अभिमान असलेला साधा मुलगा होता, आणि त्याच अभिमानाने त्याला आंधळं केलं होतं. त्याच्यापेक्षा माझी अक्कल काही फार पुढं धावली नव्हती.

अप्पांनी लिंग धुतलं, पूजा केली, डबीत ठेवून गळ्यात घातलं. महेश्वरीने गरम भात आणि वरण वाढून ताट आणलं. अप्पांनी ते हाताने बाजूला सारलं.

"आता काय झालं?" शिवप्रकाश रडवेला झाला.

"आधी पालम," अप्पा म्हणाले.

६

पालमची वाट परभणीवरूनच जाते. योगिनीने गाडी दवाखान्याशी थांबवली. उपाशीपोटी आणखी लांबचा प्रवास करायचा तर आधी तपासू द्या, या अटीवरच ती निघाली होती. तिने त्यांची साखर बघितली, रक्तदाब बघितला, मग डोक्याला तारा चिकटवून मेंदूची पट्टी काढली. पुढं एमआरआयसाठी अंगावरचा सगळा धातू काढायला सांगितला, तेव्हा अप्पांचा हात गळ्याशी गेला. नुकतंच सापडलेलं परत काढायचं होतं. त्यांनी डबी उपरण्यात गुंडाळली आणि राजशेखरपुढं धरली.

"दुसऱ्यानं शिवायचं न्हाई म्हणला होतात," राजशेखर म्हणाला.

"धर. आता शिवण्या-न शिवण्याचं मला फार कळतंय असं वाटंना."

पट्टीवर उजव्या बाजूला टोकदार रेघा उठल्या होत्या. एमआरआयमधे त्याच जागी जुना, बारीक डाग दिसला. "गाठ नाही," योगिनी म्हणाली. "जुन्या इजेचा वण आहे. गोळ्या रोज घेतल्या, चुकवल्या नाहीत, तर झटके बहुतेक थांबतील. काही दिवस आंघोळीला आतून कडी लावायची नाही, चुलीजवळ एकटं बसायचं नाही. झटका आलाच तर कुणी धरून ठेवू नये. जवळ बसावं, कुशीवर घ्यावं, भान येईपर्यंत थांबावं. लांबला तर मात्र दवाखाना."

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गोळी घेतल्यावर तो उजेड पण जाईल?"

"जाईल."

"भागम्मा गेल्यावर मला तेवढंच होतं, बाई."

योगिनीने पट्टीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उजेड कुठून येतो ते मला यंत्रात दिसतं, अप्पा. त्याला देव म्हणायचं की नाही, ते यंत्रात दिसत नाही. पण त्या उजेडात तुमचा हात काय करतो ते आज पाहिलंत. उद्या तो हात चुलीत जाईल."

"गोळी द्या," अप्पा म्हणाले. इतकं मोठं नुकसान इतक्या कमी शब्दांत सोसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

"उपाशीपोटी नको. जेवल्यावर."

त्यांनी गोळी उपरण्याच्या गाठीत बांधली.

७

अनुपमाच्या वडलांचं पालमला कापडाचं छोटं दुकान आहे. ती तिथं गल्ल्यामागं बसून ब्लाऊजपीसच्या घड्या घालत होती. आम्हाला बघून उठली. डोक्यावर पदर घेतला, आत नेलं, पाणी दिलं. अप्पांच्या गळ्यातली डबी तिने पहिल्या नजरेतच पाहिली होती. कुठं सापडलं, हे तिने विचारलं नाही. राजशेखरनेच अडखळत सगळं सांगितलं.

अप्पा खुर्चीवर बसायला तयार नव्हते. खाली चटईवर बसले. "पोरी, तू खरी होतीस. तू रोग ओळखलास, आणि मी तुला चोर म्हणलं. साऱ्या बाजारासमोर धाडलं. माझी चूक हाय. माफ कर म्हणायला आलोय."

अनुपमा योगिनीकडे वळली. "गोळी कोणती? कधी द्यायची?"

"जेवणानंतर. पण ते अजून जेवलेच नाहीत. तुमच्याकडे आल्याशिवाय जेवणार नाही म्हणाले."

तिने आत जाऊन ताट वाढून आणलं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करलेली, म्हणजे रिकाम्या पोटाला सोसेल अशी. समोर बसून जेवू घातलं, हळू खा मामा म्हणाली, पाणी पुढं केलं आणि गोळी स्वतःच्या हाताने दिली. राजशेखर दाराला टेकून हे बघत होता. त्याच्या तोंडावर मला आशा दिसली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की झालं सगळं गोड. गाडीत मागं जागा करायची म्हणून मी माझी पिशवी पुढं घ्यायचं मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

अप्पांनी हात धुतले. "चल पोरी. घरी चल."

अनुपमाने रिकामं ताट उचललं आणि तशीच उभी राहिली.

"मामा, एक विचारू?"

"इचार."

"ते पोत्यात सापडलं नसतं, तर आला असतात का?"

बाहेर दुकानात तिचे वडील कुणाला तरी कापड फाडून देत होते. अप्पांनी डबीवर हात ठेवला. उत्तर सोपं होतं. आला असतो म्हणायला काही पडत नव्हतं, आणि मला वाटतं त्या खोलीतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात तेच म्हणा म्हणून विनवत होता. पण हा माणूस जन्मभर वरच्या दाण्याने कुणाला फसवून जगला नव्हता.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "नसतो आलो."

अनुपमाने मान हलवली. ती रागावली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

"खोटं बोलला असतात, तर आले असते मी," ती म्हणाली. "मॅडमचा फोन आल्यापासून तेवढ्याचीच तयारी करत होते. आता खरं कळल्यावर कसं येऊ?"

राजशेखरने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो खाली बघू लागला. त्याला तिने काहीच विचारलं नाही. अप्पांना निदान उत्तर द्यायची संधी मिळाली होती.

तिने दारापर्यंत येऊन निरोप दिला, अप्पांना हात धरून गाडीत बसवलं आणि गोळी चुकवू नका म्हणून बजावलं. आम्ही चौघं गेलो होतो, चौघंच परत आलो.